जोड

तालमीत बाईमाणूस येत नाही
ही आमच्या कंग्राळीतली जुनी रीत.
ती आली. मुठीएवढी, डोळ्यांत चिपड,
मुद्गलांच्या मागं, फाटक्या लंगोटांच्या बोचक्यात.
आई तिची उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली होती
आदल्या रात्री, स्टॉपच्या वळणावर.
मी पाहिली होती. चालत राहिलो होतो.

पहिल्याच दिवशी हौद्यात मुतली.
ज्या मातीत ताक जिरवलं, तेल, हळद, लिंबं,
जिला शिवून कपाळाला बोट लावल्याशिवाय
कुणी आत उतरलं नाही,
तिच्या मधोमध उकरून बसली, माझ्याकडे बघत.
मग वर माती ओढून घेतली. नीट, चारी बाजूंनी.

"काय करूलालाय वस्ताद?"
गंगव्वा दाराबाहेरूनच. उंबरा ती अजून ओलांडत नाही.
"तीच ओली माती घमेल्यात घाला की,
ठेवा कोपऱ्यात. वासावर जातंय ते."
गेलं.
शेळीचं दूध गंगव्वाचं, ड्रॉपर मेडिकलमधला,
नावही तिनंच ठेवलं, पुट्टी.
मी 'ये' म्हणतो, कान हलत नाही.
गंगव्वा 'बा' म्हणते, शेपूट ताठ करून पळत सुटते.
आता मीही 'बा' म्हणतो.
जिचं दूध तिची बोली, त्यात वाद कसला.

पहाटे चारला तिची मेहनत सुरू.
दोरावर निम्म्यापर्यंत, मग खाली धप्प.
घोंगडीबाहेर अंगठा दिसला की पट काढायला हजर.
आरशापुढं पाठीची कमान करून
आडवी आडवी चालते,
आतल्या मांजरीला आव्हान देते,
आणि तीही मागं हटत नाही म्हटल्यावर
स्वतःच पळून पिंपामागं.

आणि हात. माझा हात म्हणजे तिची दंगल.
पुढच्या पायांनी मिठी, मागच्यांनी लाथा,
मग दात, मुळापर्यंत.
नाकावर टिचकी मारून पाहिली.
तिला वाटलं नवा डाव शिकवतोय.

विचार केला तेव्हा कळलं.
भावंडं असती तर एक चावलं असतं,
दुसरं केकाटलं असतं, खेळ मोडला असता.
तेवढ्यानं शिकतात म्हणे, किती दाबायचं ते.
हिला जोड नाही.
एकट्यानं जोर मारता येतात,
कुस्ती होत नाही.

मग जोड मीच. सत्तरीचा.
चावली की ओरडायचं, हात सैल सोडायचा, पाठ फिरवायची.
पण ओरडायचं कसं?
खांदा निखळला तेव्हा मी दात आवळून बसलो होतो.
पोरांनाही तेच शिकवलं, लागलं तरी तोंड उघडायचं नाही.
नारू बिर्जेनं नाही उघडलं.
पंधरा वर्षांचा होता, माझा गुडघा त्याच्या हासळीवर,
तो गप्प म्हणून मी आणखी रेटलं.
हाड मोडल्याचा आवाज आला, त्याचा नाही.

दार लावून घेतलं आणि म्हणालो, "आई गं."
आवाज बारीक निघाला, कुणा दुसऱ्याचा वाटला.
पुट्टीनं दात काढले. कान मागं. बघत राहिली.
दिवसातून तीस-चाळीस वेळा, आई गं, आई गं.
गंगव्वा बाहेर पोट धरून,
"वस्तादास्नी चीत केलं की गं!"

काठीला लंगोटाची पट्टी बांधून पळवतो,
चौथ्या फेरीला धरू देतो.
धरली की ओढत नेते घमेल्यापर्यंत,
वाघ मारल्यागत.
आणि काल तिन्हीसांजेला अंगठा तोंडात घेतला,
दात कातडीवर टेकले,
थांबले.
एवढंच. मग खरखरीत जीभ.
माझा पट्टा पैलवान, त्यालासुद्धा हे आलं नव्हतं.
त्याला मी शिकवलंच नव्हतं.

नारूचा टेम्पो गोव्याला भाजी घेऊन जातो,
सव्वासहाला, वळणावर जरा हळू होतो.
तालमीकडे बघत नाही.
आज मी दारात उभा आहे, खांद्यावर ही,
माझ्या कानाच्या पाळीशी खेळत.
काय हाक मारायची ते ठरलेलं नाही.
'बा' म्हणून बघावं का.